काड्या समजून जाळलेलं बियाणं

मी तिसरी पास आहे. चौथीत गेलो होतो, पण मास्तरांनी हातावर छडी मारली आणि मी पाटी घेऊन घरी आलो तो आलोच. म्हणून आधीच सांगतो, यात लिहिण्याच्या चुका असतील त्या माझ्या. माहितीच्या चुका नाहीत. जे लिहितोय ते बघून आलोय.

धसईच्या बाजारात गेलो की लोक अडवतात. चांगोबाबा, तिकडं माणसं नागडी हिंडतात का? साप केवढा असतो? प्रत्येकाला उभ्यानं सांगून माझे गुडघे दुखायला लागले, तेव्हा वही घेतली. साप मी एकच बघितला, तोही मेलेला. माणसं चड्डी-बनियन घालतात, आपल्यासारखीच. आता पुढचं ऐका.

निघताना

आमची ठाकरवाडी धसईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. घरात आमची बोली, बाजारात मराठी. माझ्या मुलीची मुलगी सुमन भाषांचा अभ्यास करते. आधी पुण्याला होती, आता ब्राझील देशात असते. अमेझॉन नावाची मोठी नदी आहे, तिला मिळणाऱ्या एका नदीवरच्या गावात ती दोन वर्षं येऊन-जाऊन राहिलेली आहे. त्या लोकांची भाषा बोलणारी माणसं इतकी थोडी, की धसईच्या बाजारात मच्छीवाल्या बसतात त्या एका रांगेत सगळी मावतील. तिच्या संस्थेनं ठरवलं, की लहान बोली बोलणारं एखादं म्हातारं माणूस तिकडं न्यावं आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची गाठ घालावी. शिकलेल्या माणसांना असं काहीतरी सुचतं. सुमननं माझं नाव दिलं. घरातले सगळे नाय म्हणाले, म्हणून मी हो म्हणालो.

पासपोर्टला जन्मतारीख लागते. मास्तरांनी शाळेत सगळ्या पोरांची लावली तीच माझी, एक जून. मुरबाडच्या पोलिसांनी घरी येऊन विचारलं, बाबा, तुमच्यावर काही गुन्हा? मी म्हटलं, लाकूडतोडीवरून जंगलखात्याशी भांडलोय, ते धरता का? ते चहा पिऊन गेले.

विमानाबद्दल काही लिहीत नाही. बसलो, कान दुखले, उतरलो.

त्या गावाचं आणि त्या लोकांचं नावही लिहिणार नाही. ती त्यांची अट आहे. मागे कुणीतरी छापलं होतं, तर फोटोवाल्यांची रीघ लागली आणि घरात घुसून चुलीचे फोटो काढायला लागले. ती माणसं स्वतःला नुसतं 'माणसं' म्हणतात. मीही तसंच म्हणेन.

नदीवर

शेवटच्या शहरापासून गावापर्यंत दोन दिवस बोटीनं. आमची काळू नदी पावसाळ्यात फुगली की मी तिला मोठी म्हणायचो. या नदीपुढं ती परसातला पाट. दुसरा काठ दिसतो, पण तिकडची गाय ओळखू येणार नाही इतका लांब. गाय नव्हतीच म्हणा.

बोटीत सगळे झोळ्या बांधून झोपतात. आपल्याकडे झोळीत तान्हं मूल घालतात, तिथं अख्खा गाव झोळीत. मी म्हटलं, मी काय तान्हा आहे? फळीवर झोपलो. सकाळी पाठ सरळ होईना. दुसऱ्या दिवशी कुणी बघत नाहीसं पाहून झोळीत शिरलो आणि दुसऱ्या बाजूनं खाली पडलो. सगळे बघतच होते.

गावात उतरलो तर धक्क्यावर पाच-सहा माणसं उभी. नमस्कार नाही, हात मिळवणं नाही. एक म्हातारी पुढं आली आणि काहीतरी म्हणाली. सुमननं सांगितलं, ती विचारते, आलास का? तुमी म्हणायचं, आलो.

मला तिथंच बरं वाटलं. किन्हवलीला बहिणीकडे गेलो की तीही दारातून एवढंच विचारते. इतक्या लांब जाऊन तोच प्रश्न.

कडू कंद आणि गोड माणसं

ती म्हातारी म्हणजे तोया. वय माझ्याएवढं किंवा जास्त, कारण तिच्याकडे एक जूनही नव्हता. अंगानं बारीक, तोंडात दात चार-पाच, डोळे मात्र बाजारातल्या जुन्या व्यापाऱ्याचे. तिचा भाचा पेद्रो गावातल्या शाळेत मास्तर. चाळिशीचा, शांत, त्याला तिथली सरकारी भाषा पोर्तुगीज येते. मी आमच्या बोलीत बोलायचो, सुमन ते पोर्तुगीजमध्ये पेद्रोला सांगायची आणि पेद्रो त्यांच्या भाषेत तोयाला. माझा शब्द तीन घरं ओलांडून पोचायचा. हसू मात्र सरळ यायचं.

त्यांचं बोलणं नाकातून आणि घशातून, पाण्यात दगड टाकल्यासारखं. एक गोष्ट मला फार आवडली. ती माणसं न बघितलेलं बघितल्यासारखं सांगत नाहीत. 'अमक्यानं मासा मारला' एवढंच बोलायची सोय नाही. तू बघितलंस, की कुणी सांगितलं, की नुसता अंदाज, हे त्याच वाक्यात सांगावं लागतं. ही सोय धसईच्या पारावर असती तर निम्मी मंडळी मुकी झाली असती.

खाणं म्हणजे मासा आणि मॅनिओक. मॅनिओक म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो. त्यांच्याकडचा बहुतेक कडू, नुसता खाल्ला तर माणूस मरतो. तो किसतात, पिळतात, विष काढतात, मग मोठ्या गोल तव्यावर परतून रव्यासारखा भरडा करतात. किंवा थापून भाकर करतात, बैलगाडीच्या चाकाएवढी. भरडा पाण्यात कालवून पितात, आपल्या पेजेसारखा. तेल नाही, मसाला नाही, मीठ जेमतेम. तिसऱ्या दिवशी मला स्वप्नात बोंबलाची चटणी आली.

पण मी तोयाला सांगितलं, आमच्याकडेही कडूकंद आहे. आमच्या बायका त्याच्या चकत्या करून राखेत उकडतात आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात, मग कडूपणा जातो. हे ऐकून तिनं पहिल्यांदा माझ्याकडं माणूस म्हणून बघितलं. विचारलं, चकत्या केवढ्या? मी बोटानं दाखवल्या. ती म्हणाली, जाड आहेत.

कंद पिळायला त्यांच्याकडे एक लांब विणलेली पिशवी असते. आत कीस भरायचा, वरचं टोक आढ्याला टांगायचं आणि खालून ओढायचं, की पिशवी लांब होते, बारीक होते आणि रस गळतो. मी आयुष्यभर बांबूच्या टोपल्या, सुपं, कणग्या विणल्या. म्हटलं, यात काय मोठं. दोन दिवस बसून एक विणली. तोयानं ओढून बघितली आणि तिचा तळ तिच्या हातात आला. तो तळ तिनं कोंबडीला घरटं म्हणून दिला.

राखेचा दिवस

आता माझी चूक लिहितो.

शेती ती माणसं माझ्या बापासारखी करतात. माझा बाप डोंगरावर दळी करायचा. झाडोरा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा, राखेत नाचणी-वरी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जागा सोडून द्यायची. तिथंही तसंच. तोयाचं नवीन शेत एकदा जाळून झालं होतं. पण पहिल्या जाळात सगळं जळत नाही. अर्धवट राहिलेल्या फांद्या गोळा करून ढीग लावायचे आणि ते पुन्हा पेटवायचे, हे काम चाललं होतं. पाऊस आठ-दहा दिवसांवर आलेला, त्याआधी लावणी व्हायला हवी. दोन दिवस मी बायकांबरोबर ढीग लावले. सुमन म्हणाली, आजा, इचारल्याशिवाय कशाला हात लावू नका. मी म्हटलं, मला शेती शिकवतेस, तू?

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी एकटाच शेतावर गेलो. रिकामं बसणं माझ्या रक्तात नाही. शेताच्या कडेला एका झाडाखाली एक ढीग होता. अंगठ्याएवढ्या जाड, कमरेएवढ्या लांब वाळक्या काड्या, नीट रचलेल्या, वर झावळ्या झाकलेल्या. आमच्याकडे पावसाच्या आधी भाताचा राब असाच रचतात, खाली टहाळ आणि वर पाचोळा, आणि तो भाजून त्या राखेत बी टाकतात. मला वाटलं, कुणीतरी राब रचलाय आणि भाजायचा राहिलाय. वाराही पडलेला. काडी ओढली. इतका सुरेख पेटला की मी टोपी सरळ केली.

तोया टोपली घेऊन आली तेव्हा निखारे उरले होते.

तिनं टोपली खाली ठेवली. ढिगापाशी बसली. एक जळकी काडी उचलली, बोटानं तिच्यावरचे डोळे चाचपले, बाजूला ठेवली. दुसरी उचलली. अशा किती उचलल्या कोण जाणे. मी समोर उभा. ती माझ्याकडं बघेना. मग इतर बायका आल्या. मी म्हणालो, काड्या तर होत्या.

सुमन धावत आली. तिचा चेहरा बघून मला कळलं की काड्या नव्हत्या.

मॅनिओकला बी पेरत नाहीत. उसासारखी कांडी लावतात. कंद काढला की वरचं खोड तोडून सावलीत ठेवायचं, झावळ्या झाकायच्या आणि पुढच्या लावणीला त्याचे तुकडे जमिनीत रोवायचे. मी तोयाचं या लावणीचं बियाणं जाळलं होतं. तेही एक नाही. त्यात एकोणीस जाती होत्या. काही भाकरीच्या, काही भरड्याच्या, काही नुसत्या उकडून खायच्या. तिच्या आईनं तिला दिलेल्या, आईच्या आईनं आईला. प्रत्येकीला नाव. ती नावं एकत्र फक्त लावणीच्या दिवशी घेतात, एकेक कांडी रोवताना. सुमन दोन वर्षं त्याच दिवसाची वाट बघत होती. तोयानं तिला कबूल केलं होतं, की या लावणीला नावं सांगीन, तुझ्या आवाजाच्या यंत्रात भर.

"आजा, माफी मागा," सुमन हळू म्हणाली.

"मी मागितल्ये कधी कुणाची?"

"नाय. म्हणून तर सांगते."

मी घरी निघून आलो. दुपारभर ओसरीवर बसलो. मनात म्हणत होतो, बियाणं सरपणासारखं ठेवलं तर चूक कुणाची? पण गावात एक विचित्र गोष्ट चालली होती. कुणीच मला काही म्हणेना. बायका भरड्याचं भांडं पुढं ठेवून जायच्या. पोरं नेहमीसारखी टोपी ओढायची. मी सुमनला विचारलं, शिव्या तरी द्या म्हणावं. ती म्हणाली, कशा देणार? कुणी बघितलं नाय. तोया आली तेव्हा आग विझत आली होती. इथं न बघितलेलं कुणाच्या अंगावर टाकत नाय. ज्यानं केलं त्यानंच सांगायचं.

माझ्या गावात असतं तर एव्हाना दहा जणांनी बघितलेलं असतं, त्यातले सात जण घरी झोपलेले. मी भांडलो असतो, तिघांना खोटं पाडलं असतं आणि मोकळा झालो असतो. इथं भांडायला कुणी नाही. शब्द माझ्याच तोंडात अडकून राहिला, गिळवेना आणि थुंकवेना.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ती आता लिहितो. माझी बायको होती तेव्हा घरात भाताच्या सहा-सात जातींचं बियाणं असायचं. कोळपी, पटणी, राता, आणखी काही. एका साली मी नवीन पिशवीतलं बियाणं आणलं आणि तिला म्हटलं, हा कचरा कशाला ठेवतेस. कणग्या मीच रिकाम्या केल्या. अर्धं कांडून खाल्लं, अर्धं कोंबड्यांना टाकलं. तीही रिकाम्या कणगीपाशी तोयासारखीच बसली होती. त्या जातींपैकी आज मला तीनच नावं येतात, ती वर लिहिली.

ऊन कलायच्या आत मी तोयाच्या घरी गेलो. पेद्रो होता, सुमनला हाक मारली. दारात उभा राहिलो आणि म्हणालो, मी पेटवलं. मी बघितलं, मीच केलं. राब समजून केलं, पण केलं मीच.

ते तीन घरं ओलांडून पोचेपर्यंत मी टोपी काढली होती.

नावं

तोया पेद्रोशी बरंच बोलली. पेद्रोनं सुमनला सांगितलं, सुमननं मला.

बियाणं अगदी संपलेलं नाही. तिच्या मुली आणि भाच्या लग्न होऊन खालच्या गावांना गेल्या, तेव्हा तिनं प्रत्येकीला कांड्या दिल्या होत्या. तिथं असतील. पण ती स्वतः मागणार नाही. दिलेलं बियाणं परत मागायची त्यांच्यात मोठी लाज. मागितलं तर देणारीचा हात रिकामा होतो म्हणे. दुसऱ्या कुणीतरी, नवीन शेत करणाऱ्यानं, स्वतःसाठी म्हणून मागायला हवं. आणि नाव घेऊन मागायला हवं. नुसतं 'बियाणं द्या' म्हटलं तर ज्या चार जाती सगळीकडे आहेत त्याच हातात पडतील.

"कोण जाईल?" मी विचारलं.

पेद्रोनं ते तोयाला विचारलंच नाही. तोया माझ्याकडं बघत होती.

मग शेतावर नेऊन तिनं त्या जळक्या ढिगापाशीच मला नावं सांगितली, लावणीच्या आधी, रीत मोडून. सुमननं यंत्राला हात लावला तर म्हातारीनं तिचा हात धरला. आधी नेणाऱ्याच्या कानात, मग यंत्राच्या. ती एक नाव घ्यायची, मी म्हणायचो, ती डोकं हलवायची, मी परत म्हणायचो. सिपारा. कुनावे. तामिरी. आमच्याकडे बोटांच्या पेरांवर मोजतात. टोकं धरली तर एका हातात वीस मावतात. मी एकेका पेरावर एकेक नाव बसवलं आणि पायानं आमच्या कांबड नाचाचा ठेका धरला. लिहून घ्या म्हणाली सुमन. मी म्हटलं, लिहिलेलं बोटीतून पडतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणीसच्या एकोणीस नावं मी उलटी-सुलटी म्हणत होतो आणि गावातली पोरं माझ्या मागून तोच ठेका धरून नाचत होती.

त्यानंतर तोयानं यंत्र चालू करायला सांगितलं. सुमन रडत होती आणि नाकही पुसेना, आवाज यंत्रात जाईल म्हणून.

मागायला

पेद्रोच्या होडीतून तिघं निघालो, मी, पेद्रो आणि सुमन. चार गावं, तीन दिवस.

पहिलं गाव तोयाच्या थोरल्या मुलीचं. उतरताना माझ्या धोतराचा सोगा होडीच्या खिळ्यात अडकला आणि मी गुडघाभर चिखलात बसलो. वर बघतो तर काठावर सगळ्या बायका. बातमी माझ्या आधी पोचली होती, ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. पण रीत म्हणजे रीत. थोरलीनं विचारलं, आलास का? आलो. कशाला? मी पेद्रोनं शिकवलेलं वाक्य म्हटलं, माझं शेत तयार आहे, माझ्याकडे लावायला काही नाही.

बायका इतक्या हसल्या की एकीनं खांब धरला. मी पेद्रोकडं बघितलं. तो म्हणाला, चूक नाही. फक्त हे वाक्य पुरुष कधी बोलत नाही. मॅनिओकच्या कांडीला तिथं पुरुष हातच लावत नाही. तोडणं-जाळणं पुरुषाचं, कांडी आणि खुरपणी बाईची. आमच्याकडे आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, जास्त बायका असतात, पण मीही रोपं लावलेली आहेत. मी थोरलीला तसं सांगितलं. ती म्हणाली, मग सोलायलाही येत असेल. आणि सुरी हातात दिली.

दीड प्रहर मी त्या बायकांमध्ये बसून कंद सोलले. मध्ये एका ओंडक्यावर टेकलो, तर तो मुंग्यांचा निघाला. त्या मुंग्यांची नावं मी विचारली नाहीत. उठून जे नाचलो ते कांबड नाचात बसणारं नव्हतं.

मग थोरली समोर येऊन बसली आणि म्हणाली, घे नाव. मी पहिल्या पेरापासून सुरुवात केली. प्रत्येक नावाला ती मान डोलवायची किंवा नुसती माझ्याकडं बघायची. बघितलं की समजायचं, तिच्याकडे नाही. एक नाव मी तीनदा चुकलो, तिसऱ्यांदा ती म्हणाली, माझी आई असं म्हणत नाही. चौथ्यांदा बरोबर आलं. नऊ जातींच्या कांड्या मिळाल्या. एकेक जुडी वेगवेगळ्या वेलीनं बांधून दिली.

दुसऱ्या गावात पाच. तिथल्या एका भाचीनं मला जेवायला माकड वाढलं आणि मी ते कोंबडी समजून खाल्लं. सुमननं खाऊन झाल्यावर सांगितलं. तिसऱ्या गावात तीन. एवढ्यात मला त्या मागण्यात गोडी वाटायला लागली होती. खोटं कशाला सांगू, आयुष्यात मी कुणाच्या दारात हात पसरला नव्हता आणि त्याचा मला गर्व होता. पण तिथल्या बायका देताना अशा काही खूश व्हायच्या, जशी मीच त्यांच्या घरची काही वस्तू त्यांना आणून दिलीय. एक जण कांडी देऊन आत गेली, परत बाहेर आली आणि म्हणाली, ते नाव आणखी एकदा घे. तिच्या आईच्या तोंडून ऐकल्यावर ते कुणी घेतलं नव्हतं.

चौथ्या गावात एक मिळाली. अठरा झाल्या.

राहिली ती युरापे. सगळ्या ठिकाणी मी तिचं नाव घेतलं, सगळ्या ठिकाणी नुसतं माझ्याकडं बघितलं गेलं. एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं ती कशी होती. खोड काळं, वाकडं. सगळ्यांच्या नंतर तयार होणार. पीठ थोडं सुटणार, म्हणून नवीन सुनांनी कुणी ठेवली नाही. पण उकडली की लोण्यासारखी, दात नसलेल्यांनी खावी अशी. आणि जमिनीत किती दिवस ठेवा, सडायची नाही. तोया एकटीच ती लावायची, कारण आता तिलाच दात चार-पाच उरले होते.

मी पेद्रोला म्हटलं, आणखी खाली जाऊ. तो म्हणाला, खाली गावं आहेत, पण आमची माणसं नाहीत. मी म्हटलं, तरी जाऊ. सुमन म्हणाली, आजा, कांड्या वाळतील. अठरा वाळवायच्या का एकीसाठी?

मी हट्टी माणूस आहे, हे धसईत कुणालाही विचारा. होडी मात्र वळवू दिली.

परतताना सबंध वाट मी जुड्यांवर ओलं फडकं धरून बसलो. कुणाला धरू दिलं नाही.

लावणी

तोयानं जुड्या एका रांगेत मांडल्या. प्रत्येक जुडी उचलायची, नखानं साल खरवडायची, खालचं हिरवं बघायची. अठरा झाल्या. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, युरापे नाही. मी चार गावात मागितली. मी बघितलं, कुठंच नाही.

तिनं मान हलवली. आधीच माहीत होतं तिला. मी निघालो तेव्हाच माहीत असणार, तरी तिनं ते नाव माझ्या पेरावर बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी लावणी. बायका खणायच्या, तोया कांडी रोवायची आणि नाव घ्यायची, सगळ्या जणी ते परत म्हणायच्या. मला पुरुष म्हणून बांधावर बसवलं होतं, पण ओठ माझेही हलत होते. सुमनचं यंत्र चालू होतं. अठरा नावांच्या अठरा ओळी झाल्या. एकोणिसाव्या ओळीचे खड्डे खणलेले, रिकामे. म्हटलं, आता ही त्या ओळीत काय टाकणार?

तोया त्या ओळीपाशी उभी राहिली आणि मला हाक मारली. मी गेलो. तिनं माझा दंड धरून मला पहिल्या खड्ड्यापाशी उभं केलं. माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाली, युरापे.

मग थोरली, जी लावणीला आईकडं आली होती, ती माझ्याकडं खालून वर बघत म्हणाली, काळा आहे. दुसरी म्हणाली, वाकडाही आहे. तिसरी म्हणाली, उशिरा आला. आणि पीठ तर काहीच सुटत नाही. सगळं शेत हसलं, सुमन सगळ्यात जास्त. मग सगळ्या जणी एका आवाजात माझ्याकडं बघून ते नाव म्हणाल्या, जसं बाकीच्या अठरांचं म्हटलं होतं.

मी पेद्रोला विचारलं, ही शिक्षा आहे की मान? पेद्रोनं मावशीला विचारलं. ती बराच वेळ बोलली. पेद्रो म्हणाला, ती म्हणते, कंद गेला. नाव रिकामं ठेवलं तर तेही सडतं. कुणाला तरी त्या नावानं हाक मारत राहायला हवं, म्हणजे पोरांच्या तोंडात ते राहील. पुढं कधी कुठल्या नदीवर ती जात सापडली तर तिला ओळखणारं कुणी असेल.

माझ्या वाडीत मला टोपणनावानं हाक मारायची कुणाची छाती नाही. एकदा एकानं मारली होती, त्याच्याशी मी अकरा वर्षं बोललो नाही. त्या दिवशी शेताच्या टोकावरून एका पोरानं ओरडून ते नाव घेतलं आणि माझ्या तोंडून 'ओ' गेला.

मी म्हटलं, सांग तिला पेद्रो, सडत नाही हे तेवढं खरं आहे.

तिनं ते ऐकलं आणि माझ्या हातात खुरपं दिलं. म्हणाली, "नाव मिळालं. आता तुझ्या ओळीतलं तण काढ, युरापे."

बांधावरचे पुरुष बघत होते. मी धोतर खोचलं आणि बसलो.